हातचा

स्केलबर्नमध्ये माझं काम दारं वाजवण्याचं.
गळ्यात कौन्सिलचा पट्टा, हातात तक्ता:
बॉयलर किती जुना, माळ्यावर लोकर किती इंच,
खिडकीला काच एक की दोन.
अकराशे बेचाळीस घरं.
प्रत्येक घराचा धूर टनांत मोडायचा,
बेरीज करायची,
आणि वीस वर्षांत ती बेरीज
शून्यावर आणून ठेवायची.

"निव्वळ शून्य," मी म्हणते.
"पोरी, ते तर आम्ही पंच्याऐंशीतच झालो,"
विल्फ्रेड टेट म्हणतो, दार अर्धंच उघडून.

त्या साली संप मोडला. मग खाण मिटली,
पंप थांबले, आणि खाली
जिथे तो गुडघ्यांवर रांगत गेला होता बावीस वर्षं
तिथे पाणी चढत गेलं, कुणी न बघता.
डरहॅमच्या पोटातलं ते पाणी
अठरा अंशांवर आहे, जानेवारीतसुद्धा.
ते वर खेचायचं, त्यातली ऊब काढून घ्यायची,
ती नळांतून घराघरांत फिरवायची
आणि थंड झालेलं पाणी खाली सोडून द्यायचं.
एवढीच योजना. सांगायला चार ओळी,
सह्या गोळा करायला तीन हिवाळे.

डोरीन प्रॉक्टर शेगडी सोडत नाही:
नवऱ्यानं स्वतः बसवली, त्याच भिंतीत.
भाडेकरूंना घरमालकाची परवानगी हवी,
घरमालक स्पेनमध्ये.
बस दिवसातून दोनदा येते,
म्हणून प्रत्येक दारात गाडी.
आणि टेकडीवरच्या मेंढ्या, त्यांचे ढेकर,
तेही माझ्याच तक्त्यात.

अमरावतीला लोणारे बाई वजाबाकी शिकवायच्या:
सातातून नऊ जात नाहीत,
शेजारून हातचा एक घ्या.
मी विचारलं होतं, बाई, परत कधी करायचा?
बाई हसल्या होत्या. वर्गही.
दर डिसेंबरात मी आईकडे जाते,
मँचेस्टर, दुबई, नागपूर.
तो धूर परगण्याच्या हद्दीबाहेर पडतो;
तक्त्यात त्याला रकाना नाही.
मी नियमानं भरते तक्ता. मला नियम पाठ आहेत.

मेथडिस्ट हॉलमधली ती सभा.
इंजिनिअर पोरगी, ब्रॉन्विन, पडद्यावर नकाशा लावते:
जुने बोगदे निळे, विंधणविहिरीची जागा लाल.
विल्फ्रेड उठतो. गुडघे वाजतात, हॉलभर ऐकू येतं.
"हा बोगदा इथून जात नाही."
सरकारी नकाशा आहे, ती सांगते, अडुसष्टचा.
"एकाहत्तरला छत आलं. आम्ही डावीकडून फिरून गेलो.
नकाशा कोण बदलतो?"
मग खुर्चीच्या पाठीला धरून, हळू:
"तुमचा लाल ठिपका कॉलिन पर्व्हिसवर आहे.
त्याला बाहेर काढता आलं नव्हतं."

बिस्किटांच्या बशीकडे कुणी हात नेला नाही.
ब्रॉन्विननं लॅपटॉप मिटला, कागद पुढे केला,
पेन्सिल त्याच्या हातात दिली.
त्यानं रेघ ओढली. थांबला. खोडली. पुन्हा ओढली.

विहीर चाळीस यार्ड सरकली.
खर्च वाढला सोळा हजारांनी,
आणि कौन्सिलमध्ये कुणीतरी विचारलं
हा खर्च कशाखाली दाखवायचा.
मी "सर्वेक्षण दुरुस्ती" लिहिलं.

यंदा फेब्रुवारीत पहिली गल्ली जोडली,
एकतीस घरं. डोरीनचं नाही.
मी विल्फ्रेडकडे गेले, आकडे टिपायला.
रेडिएटरला हात लावून तो म्हणाला,
"कोमट."
चटका बसेल असा नसतो तो, मी समजावलं,
सावकाश तापतो, दिवसभर चालू ठेवायचा.
त्यानं मान डोलावली, माझं न ऐकता.
हात मात्र काढला नाही.
चहा निवला. बाहेर गारांचा मारा.

"कॉलिनला," तो म्हणाला, "फार थंडी वाजायची.
डबा नेहमी शर्टाच्या आत ठेवायचा."

मी तक्ता उघडला.
घर क्रमांक सतरा. गॅस: बंद.
खाली, "शेरा" च्या रकान्यात,
पेन टेकलेलं,
अजून टेकलेलंच.